शिक्षणाला संशोधनाचा पाया देता येतो का?

मागच्या वेळी आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो: औषधाची चाचणी घेतात, तशी शिकवण्याच्या पद्धतीची घेता येते का? उत्तरासाठी फार लांब जायला नको. मुंबईतल्या महापालिका शाळांकडे पाहू.

२००१ ते २००३ या काळात 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाची मुंबईत आणि बडोद्यात चाचणी झाली. कल्पना साधी. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं घ्यायची. वस्तीतलीच एखादी तरुणी शाळेच्या वेळात रोज सुमारे दोन तास त्यांना वाचन आणि गणिताचा पाया शिकवणार. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल, हे मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. का? उत्साही मुख्याध्यापकांच्याच शाळा निवडल्या असत्या, तर फरक बालसखीमुळे पडला की त्या उत्साहामुळे, हे कळलंच नसतं.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी निकाल तपासले. गुण वाढले होते, आणि सगळ्यात जास्त फायदा मागे असलेल्या मुलांचा झाला होता. पण उपक्रम संपून वर्ष झालं, तेव्हा त्यातला बराचसा फायदा ओसरला होता. हेही मोजलं म्हणूनच कळलं.

मग हीच पद्धत सरकारी शिक्षकांकडे दिली तर? बिहार आणि उत्तराखंडमध्ये शालेय वर्षात शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं. तेवढ्याने फारसं काही बदललं नाही. शिक्षक नेहमीप्रमाणे अभ्यासक्रम पुरा करण्यात गुंतले. पुढे हरियाणात त्यासाठी रोज वेगळा तास राखून ठेवला, मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवलं आणि देखरेख ठेवली. तेव्हा मुलांचं हिंदी वाचन सुधारलं.

म्हणजे पद्धत तीच, पण वेळापत्रक बदललं आणि निकाल बदलला. संशोधन आपल्या हाती तयार पाककृती देत नाही. पद्धत कशाच्या आधारावर उभी राहते, ते दाखवतं. आणि मुलांनी काय शिकावं, कशासाठी शिकावं, हे कुठलीच चाचणी ठरवत नाही. ते आपणच ठरवायचं.

तेव्हा 'हे संशोधनाने सिद्ध झालंय' असं कुणी सांगितलं, तर मान डोलावण्याआधी विचारू या: कुठे? कोणत्या मुलांवर? शिकवलं कुणी, वेळ कुठून काढला? आणि वर्षभराने किती उरलं? चौथीत बसूनही वाचता न येणाऱ्या मुलासाठी एवढी चौकशी आपण करायलाच हवी.