स्टुडिओ कोणाच्या मालकीचा?

ज्याच्या हाताला चित्रकलेचे वळण आहे आणि डोक्यात स्वतःच्या ॲनिमेशन स्टुडिओचा ध्यास आहे, अशा महाविद्यालयीन तरुणाची पहिली खरेदी बहुधा एखादा तगडा संगणक ही असते आणि दुसरी नावाची पाटी. दोन्हींत गैर काही नाही. तथापि जे स्टुडिओ पुढे नावारूपास आले, त्यांपैकी एकाचे तरी आरंभीचे दप्तर चाळले, तर तेथे आधी पुरी झालेली एक चित्रफीत, मग तिला लाभलेले गिऱ्हाईक आणि पाटी त्यानंतर, असा क्रम आढळतो.

हा स्टुडिओ म्हणजे ब्रिटनमधील आर्डमन. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन हे वोकिंग येथील दोन शाळासोबती. स्प्रॉक्स्टन यांचे वडील बीबीसीत निर्माते असल्यामुळे १६ मिलिमीटरचा कॅमेरा घरचाच होता, आणि त्याच्या आधारे या मुलांनी स्वयंपाकघरातील टेबलावर कागदी कातरणे व खडूची चित्रे चौकटीगणिक सरकवून चलच्चित्रांचे प्रयोग आरंभले. त्यांनी रेखाटलेल्या एका विनोदी महावीराची जेमतेम काही सेकंदांची फीत बीबीसीने ‘व्हिजन ऑन’ या मुलांच्या कार्यक्रमासाठी १५ पौंडांना विकत घेतली. धनादेश वटवायचा तर बँकेत खाते हवे; ते त्यांनी त्या महावीराच्याच नावे, म्हणजे ‘आर्डमन’ या नावे, उघडले आणि १९७२ हे साल संस्थेच्या स्थापनेचे ठरले. पुढे दोघे दोन वेगळ्या विद्यापीठांत गेले, पण हातचे काम त्यांनी सोडले नाही. पदव्या पदरात पडल्यावर, १९७६ साली, ब्रिस्टल येथे बिऱ्हाड थाटले आणि दुसऱ्याच वर्षी ‘टेक हार्ट’ या कार्यक्रमात त्यांचा मॉर्फ हा मातीचा बाहुला अवतरला. विद्यार्थिदशेत त्यांनी जोडलेले खरे भांडवल म्हणजे छोट्या फितींची सतत गरज असलेला एक कार्यक्रम, असे माझे मत आहे. घरात कॅमेरा असण्याचे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही, हेही त्याबरोबर मान्य केले पाहिजे.

ती उणीव आज पुष्कळशी भरून निघाली आहे. ब्लेंडर ही ॲनिमेशनची संगणकप्रणाली २००२ पासून मुक्त व विनामूल्य असून, २०२५ साली ऑस्कर मिळविणारा ‘फ्लो’ हा लाटव्हियन दिग्दर्शकाचा चित्रपट तिच्यावरच घडला. वेळेचा हिशेब मात्र कोणत्याही प्रणालीने माफ केलेला नाही. सेकंदाला २४ चौकटी लागतात. हाताने काढलेल्या कामात एकेक चित्र दोन चौकटी टिकविले, तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रे होतात. म्हणून वीस मिनिटांच्या पौराणिक महाकथेचा संकल्प सोडून ज्याने एक मिनिटाची फीत सत्राअखेर ध्वनीसह पुरी केली, त्याने स्टुडिओची पहिली वीट बसविली असे मी समजेन. वर्गातील ज्या दोघाचौघांकडून त्याने हे काम मुदतीत करवून घेतले, त्यांच्यातच त्याचे भावी भागीदारही असण्याचा संभव आहे.

मालकीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्याकडे कलावंत मंडळी सहसा पाठ फिरवितात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, सर्वसाधारणपणे नोकरी देणाराच असतो. इतकेच नव्हे, तर मोबदला देऊन एखाद्याने चित्रपट करवून घेतला असता, तशाच कराराच्या अभावी, त्याचा पहिला हक्क करवून घेणाराकडे जातो. म्हणजे जो स्टुडिओ केवळ परक्याच्या कामावर चालतो, त्याचे वेतनपत्रक कितीही लांबलचक असो, पडद्यावर बागडणारे पात्र त्याचे नसण्याचीच शक्यता अधिक. असे काम अव्हेरावे असे मुळीच नाही, दरमहाचे भाडे त्यातूनच निघते. परंतु करारनाम्यातील हक्कांचे कलम सहीपूर्वी वाचावे, आणि वर्षाकाठी निदान एक छोटी कृती तरी स्वतःच्या नावावर ठेवावी.

विद्यार्थिदशेतच मालक व्हावे, असाही काही दंडक नाही. भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून शाखेत रुजू झाले आणि ‘राम मोहन बायोग्राफिक्स’ हा त्यांचा स्वतःचा स्टुडिओ निघाला तो १९७२ साली; मधल्या सोळा वर्षांत हा व्यवसाय त्यांनी दुसऱ्यांच्या छपराखाली, पगार घेत, आत्मसात केला. घरची ऐपत बेताची असलेल्या विद्यार्थ्याला हाच मार्ग मी आधी सुचवीन.

मात्र कोणत्याही मार्गाने जायचे असले, तरी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या फितीवर विद्यार्थ्याचा हक्क राहतो की संस्थेचा, आणि संस्थेची यंत्रसामग्री वापरून बाहेरचे काम घेण्यास मुभा आहे की नाही, हे आपल्या महाविद्यालयाच्या नियमावलीत पाहून ठेवावे. नियम मोघम असेल, तर विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करून उत्तरही लेखीच मागावे.