क्रांती चौकात नकाशा गायब होतो तेव्हा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाचा सिग्नल लाल आहे. समोर २०२२ साली अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, डोक्यावर जालना रस्त्याचा उड्डाणपूल, मागे हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षा. नेमका याच वेळी डॅशबोर्डवरच्या पडद्यावरचा नकाशा नाहीसा होतो. पैठण गेटकडे वळायचं की उस्मानपुऱ्याकडे, हे शहरात नव्याने आलेल्या चालकाला कळेनासं होतं आणि हात आपोआप फोनकडे जातो.

तो हात थांबायला हवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८४ प्रमाणे गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक वाहनचालन ठरतं. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. फोन हातात घ्यावा लागू नये म्हणूनच तर गाडीत हा पडदा आला. फोन या पडद्याशी जोडणारं कारप्ले ॲपलने २०१४ साली आणलं, गूगलचं अँड्रॉइड ऑटो २०१५ पासून गाड्यांत येऊ लागलं. शहराजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ साली स्कोडा गाड्या बनू लागल्या, तेव्हा डॅशबोर्डवर टेप किंवा सीडी प्लेअर असे. आज त्याच जागी असलेल्या पडद्यालाही कित्येक जण 'टेप'च म्हणतात.

हा पडदा मात्र टेपसारखा एकटा काम करत नाही. नकाशा, गाणी, कॉल हे सगळं फोन चालवतो; पडदा ते दाखवतो आणि बोटाचा स्पर्श फोनकडे परत पाठवतो. म्हणून बिघाड शोधताना तीन जागा पाहायच्या : फोन, गाडी आणि दोघांमधला दुवा. बहुतेक वेळा दोष दुव्यातच सापडतो, आणि तो शोधायला खर्च येत नाही.

वायरने जोडणाऱ्यांनी आधी केबलवर संशय घ्यावा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्त केबलींत माहितीच्या तारा कधी कधी नसतातच. फोन चार्ज होताना दिसतो, त्यामुळे केबल चांगली आहे असं वाटतं आणि दोष गाडीच्या माथी जातो. दुकानात 'चार्जिंगची केबल' न मागता 'डेटा केबल' मागावी, आणि तीही शक्यतो एक मीटरपेक्षा आखूड. दुसरी गोष्ट गाडीतल्या सॉकेटची. अनेक गाड्यांत दोन-तीन यूएसबी सॉकेट असतात, पण पडद्याशी जोडलेलं एखादंच असतं; बाकीची नुसती चार्जिंगची. त्याची खूण गाडीच्या पुस्तिकेत सापडते. तिसरी जागा फोनचं तोंड. पँटच्या खिशातला धागा आणि धूळ त्यात ठासून बसते, पिन शेवटपर्यंत जात नाही आणि खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती धूळ हलकेच काढावी. सुई किंवा टाचणी अजिबात घालू नये.

वायरलेस जोडणीचं गणित वेगळं. त्यात ब्लूटूथ मुख्यतः ओळख करून देतो. नकाशा आणि आवाज जातो तो वायफायवरून. म्हणून ब्लूटूथवर कॉल नीट होतात पण नकाशा येत नाही, असं झालं तर वायफाय बंद आहे का, हॉटस्पॉट किंवा व्हीपीएन चालू राहिलं आहे का, हे आधी पाहावं. आयफोनवर सिरी बंद असेल तर कारप्ले चालत नाही, ही गोष्ट कित्येकांना ठाऊक नसते. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स स्वतःहून बंद करतात. तिथे अँड्रॉइड ऑटोला बॅटरीच्या निर्बंधातून सूट द्यावी लागते. घरातले दोन फोन एकाच गाडीला जोडलेले असले, तर बायकोचा फोन पर्समध्ये असूनही गाडी आधी त्यालाच पकडते आणि नवरा आपल्या फोनला दोष देत बसतो.

एवढ्यानेही जमलं नाही, तर जोडणी नव्याने करावी. इथे बहुतेकांची एक चूक होते : फोनमधून गाडीचं नाव पुसतात, गाडीतून फोनचं नाव पुसत नाहीत. जुनी ओळख दोन्हीकडून पुसावी, फोन बंद करून सुरू करावा, मगच पुन्हा जोडावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. दुसऱ्याचा फोन जोडून पाहणं ही सगळ्यांत सोपी परीक्षा. तो चालला, तर गाडी निर्दोष आहे आणि नव्या स्टिरिओवर पैसे घालवण्याचं कारण नाही.

मराठवाड्यात आणखी एक कारण असतं, ऊन. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभी गाडी आतून त्याहून तापते. आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, असं ॲपल स्वतः सांगतं. काचेजवळच्या स्टँडवर फोन, त्यात चार्जिंग, त्यात नकाशा; मग तो चार्जिंग थांबवतो, मंदावतो. फोन सावलीत, एसीच्या वाऱ्यात ठेवला की तक्रार पुष्कळदा आपोआप मिटते.

उड्डाणपुलावरून जाताना नकाशा 'खालच्या चौकातून वळा' म्हणतो, तो जोडणीतला दोष नव्हे. उपग्रहावरून उंचीचा अंदाज तितका अचूक मिळत नाही, त्यामुळे गाडी पुलावर आहे की पुलाखाली, यात गफलत होते. तिथे केबल बदलून काही होणार नाही, पाटी वाचावी.

आणि गाडी विकायला काढली असेल, तर एक काम विसरू नये. फोनमधली नावं, नंबर, कॉलची यादी, घराचा पत्ता यांतलं बरंच काही गाडीच्या पडद्यात साठून राहू शकतं. चावी नव्या मालकाच्या हातात देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा. भाड्याची गाडी परत करतानाही निदान आपल्या फोनचं नाव तिच्या यादीतून पुसा.