सिकलसेल आणि कॉलेज : मागायचे ते लेखी मागा

दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षेत सिकलसेलच्या विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटे जादा मिळतात, हे आता आपल्या अनेक घरांना ठाऊक झाले आहे. शाळेतले सर सांगतात, आशाताई सांगतात. पण तोच मुलगा बी.एस्सी.ला गेला, तीच मुलगी नर्सिंगला किंवा पॉलिटेक्निकला गेली, की सांगणारे कोणी उरत नाही. कॉलेजात आपण होऊन मागावे लागते. कुणाकडे, केव्हा आणि कोणत्या कागदावर मागायचे हे माहीत नसल्याने मुले गप्प बसतात. अंगात कळा येत असताना पेपर लिहितात, नाही तर पेपर सोडून देतात. वर्ष वाया जाते आणि घरात म्हटले जाते, "त्याच्या तब्येतीला शिक्षण झेपत नाही."

झेपते. या आजाराची वैद्यकशास्त्रातली पहिली सविस्तर नोंद झाली तीच एका कॉलेज विद्यार्थ्याची. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा कृष्णवर्णीय तरुण १९०४ साली दंतवैद्यकी शिकायला अमेरिकेत शिकागोला गेला. शिक्षणाच्या काळात तो पुन्हा पुन्हा आजारी पडला, रुग्णालयात राहिला. त्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींविषयी डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली लिहिले. तोवर नोएलने १९०७ मध्ये पदवी घेतली होती आणि मायदेशी दवाखानाही थाटला होता. १९१६ साली, ऐन बत्तिशीत, न्यूमोनियाने तो गेला. तेव्हा हायड्रॉक्सीयुरिया नव्हते, प्रतिजैविके नव्हती, अपंगत्वाचा कायदाही नव्हता. आज ही तिन्ही साधने आपल्याकडे आहेत. पहिल्या दोहोंविषयी या पानावर नेहमी लिहिले जाते, म्हणून या वेळी तिसऱ्याविषयी.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. एसएस मुलाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथे रक्त पोहोचत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. हाच क्रायसिस. अंगातले पाणी कमी होणे, थंडी, ताप, अति श्रम आणि मानसिक ताण ही त्याची नेहमीची कारणे. आता विदर्भातले परीक्षेचे वेळापत्रक आठवा. उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेच्या उन्हात, हिवाळी परीक्षा थंडीच्या तोंडावर, आणि ताण दोन्हीकडे. मुलगा नेमका परीक्षेतच आजारी पडतो म्हणून त्याला बहाणेबाज म्हणणाऱ्या शिक्षकांनी ही यादी एकदा वाचावी.

या आजाराला 'आपल्या जातीचा आजार' म्हणणारे अजून भेटतात. सिकलसेल जातीमुळे होत नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे या जनुकाचा एकेरी वारसा माणसाला हिवतापापासून काहीसे वाचवत असे, म्हणून तो टिकला. आफ्रिकेत टिकला, अरबस्तानात टिकला, आपल्याकडे आदिवासींत, बौद्धांत आणि इतरही समाजांत टिकला. जातीतल्या जातीत लग्ने होत राहिल्याने तो आतल्या आत फिरत राहिला, इतकाच जातीचा संबंध. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहामुळे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. त्याचे वैद्यकीय परिणामही आहेत, हे आपण विदर्भात पाहतोच.

कायदा काय देतो

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या यादीत २१ प्रकारचे अपंगत्व आहे आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलियाबरोबर सिकलसेलही आहे. ही जागा आपोआप मिळालेली नाही. नागपूरचे संपत रामटेके आणि सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया यांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती. सरकारी फॉर्मवर आता 'दिव्यांग' असा शब्द असतो. तो आम्हाला फारसा रुचत नाही, दुखणाऱ्या हाडांत दिव्य काही नसते. पण फॉर्मवर तोच असेल तर तोच लिहावा, शब्दासाठी हक्क सोडू नये.

कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारी अनुदानावर चालणाऱ्या किंवा सरकारमान्य असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची आहे. म्हणजे विनाअनुदानित खासगी कॉलेजही सुटत नाही. कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व हवे.

या ४० टक्क्यांपाशी आपली बरीच मुले अडकतात. प्रमाणपत्रावर तीस टक्के लिहून आले की "याचा काही उपयोग नाही" म्हणून ते पेटीत जाते. राखीव जागेसाठी ४० टक्के लागतात हे खरे. वाजवी सोयीसाठी मात्र ती अट नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हे स्पष्ट केले. त्या उमेदवाराच्या हाताला लिहिताना पेटके येत. ४० टक्क्यांचे अपंगत्व नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने ते चूक ठरवले आणि सरकारला नियम करायला सांगितले. त्यानुसार १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या पण लिहिण्यास अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तासाला किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ आहे. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक घेण्यास पात्र असूनही न घेणाऱ्यालाही तो मिळतो.

इथे एक खाच आहे. परीक्षा विभागाला नुसते यूडीआयडी कार्ड पुरत नाही. आजारामुळे लिहिण्यावर मर्यादा येते, असे सरकारी रुग्णालयाच्या सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचे ठरावीक नमुन्यातले पत्र लागते. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात तो नमुना घेऊन जावे. खांद्याच्या किंवा हाताच्या हाडांत दुखणे असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, रक्त कमी असल्याने थोडे लिहिले तरी दम लागत असेल, तर ते डॉक्टरांना नीट सांगावे, जुनी डिस्चार्ज कार्डे दाखवावीत. आपली माणसे डॉक्टरांपुढे "आता बरं आहे साहेब" म्हणतात. त्या दिवशी बरे असते हे खरेच, पण प्रमाणपत्र वाईट दिवसांसाठी काढायचे असते.

एएस म्हणजे वाहक असणे हे अपंगत्व नाही. त्याला प्रमाणपत्र मिळत नाही आणि सहसा त्याची गरजही नसते. आपला पॅटर्न कोणता हे नक्की नसेल तर सोल्युबिलिटीच्या झटपट चाचणीवर थांबू नये. ती एएस आणि एसएस वेगळे सांगत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट हवा.

नेमके काय मागायचे

"सहकार्य करावे ही नम्र विनंती" एवढेच लिहिलेला अर्ज कुणालाच काही करायला भाग पाडत नाही. गरज आणि तिचे कारण, दोन्ही लिहावे.

पाणी आणि लघवी यांपासून सुरुवात करू, कारण याची सगळ्यांत जास्त लाज वाटते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता कमी होते. लघवी वारंवार होते, अंग लवकर कोरडे पडते आणि त्यातून क्रायसिस येतो. म्हणून वर्गात आणि परीक्षेत पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, आणि हात वर केल्यावर प्रश्न न विचारता स्वच्छतागृहात जाऊ देणे, ही औषधाइतकीच गरज आहे. मुली पाणीच पीत नाहीत, कारण कॉलेजचे स्वच्छतागृह घाण असते किंवा सर सोडत नाहीत. आईने मुलीला हे मोकळेपणाने विचारावे.

कंबरेच्या सांध्यातल्या हाडाला रक्त न मिळाल्याने ते झिजते, आणि वयाच्या विशीतच जिना चढणे कठीण होते. अशा वेळी वर्ग, प्रयोगशाळा आणि परीक्षेची बैठक तळमजल्यावर मागावी. परीक्षा शक्यतो तळमजल्यावर घ्यावी, असे केंद्राच्या २०१८ च्या सूचनांतच आहे. वातानुकूलित हॉल असेल तर थेट गार झोत येणार नाही अशी जागा मागावी. भर उन्हातली परेड आणि मैदानी चाचणी यांतून सूट, किंवा त्याऐवजी दुसरे काम मागावे. वसतिगृहात खालची खोली, थंडीत अंघोळीला गरम पाणी आणि क्रायसिसच्या दिवशी खोलीवर जेवण हवे. खोलीतल्या एका सोबत्याला तरी धोक्याची चिन्हे माहीत असावीत : १०१ अंशांवर ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना जीभ अडखळणे, किंवा मुलांमध्ये लिंगाला तासन्‌तास राहणारी वेदनादायी ताठरता. यांपैकी काहीही दिसले तर वॉर्डनच्या सहीची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

सर्वांत मोठी अडचण हजेरीची. वर्षातून तीन-चारदा भरती व्हावे लागणाऱ्या मुलाची ७५ टक्के हजेरी भरत नाही. मग परीक्षेचा फॉर्म अडतो, शिष्यवृत्तीही अडते. आपल्या मुलांच्या बाबतीत शिष्यवृत्ती अडणे म्हणजे शिक्षणच अडणे. म्हणून रुग्णालयातील दिवस हजेरीच्या हिशेबातून वगळावेत, बुडलेल्या प्रात्यक्षिकांची आणि अंतर्गत चाचण्यांची दुसरी तारीख द्यावी, हे अर्जात वेगळ्या मुद्द्यात लिहावे. प्रत्येक भरतीनंतर आठवडाभरात डिस्चार्ज कार्डाची प्रत कार्यालयात द्यावी. सत्राच्या शेवटी सहा कागद एकदम नेले की कारकुनाला संशय येतो.

अर्ज साधारण असा असावा : "मी आपल्या महाविद्यालयात अमुक वर्गात शिकत आहे. मला सिकलसेल आजार (एसएस) असून तो अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट आहे. कलम १६ व १७ नुसार मला पुढील सोयी मिळाव्यात. माझी वैद्यकीय माहिती गोपनीय ठेवावी. या अर्जावरील निर्णय मला लेखी कळवावा." खाली मुद्दे, सोबत प्रमाणपत्रे. प्राचार्यांच्या नावे दोन प्रती न्याव्यात. आवक विभागात एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच जपून ठेवावी. तोंडी "बघू" याला काही किंमत नाही. कॉलेजात किंवा विद्यापीठात समान संधी कक्ष असेल तर एक प्रत तिथेही द्यावी. योग्य वेळ प्रवेशाची. ती गेली असेल तर निदान परीक्षेचा फॉर्म भरण्यापूर्वी. पेपरच्या आदल्या दिवशी केलेला अर्ज चांगल्या प्राचार्यांनाही पुढे नेता येत नाही.

"तुम्हाला एससीची सवलत आहे ना, मग ही कशाला?" असे खिडकीवर विचारले जाते. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही. अपंगांचे आरक्षण समांतर असते, अनुसूचित जातीचा विद्यार्थी अपंगही असू शकतो. आणि पाण्याची बाटली किंवा जादा वेळ हे आरक्षणच नव्हे. हे शांतपणे सांगावे, अर्ज मात्र परत घेऊ नये.

तरीही नकार आला तर तो लेखी मागावा. सरकारी आणि अनुदानित संस्थेत कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी असला पाहिजे आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. तिथे काही झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि त्याहीवर पुण्याला राज्य आयुक्तांचे कार्यालय. बहुतेक प्रकरणे इतकी लांब जाऊ नयेत. कलमाचा उल्लेख आणि आवक क्रमांक असलेला कागद पाहिला की कॉलेजचा सूर बदलतो.

मुलीच्या बाबतीत घरात एक भीती असते. कागदावर आले की गावभर होईल, मग लग्न कसे जमणार? भीती खोटी नाही, पण तिच्यापायी मुलीचे शिक्षण पणाला लावणे आम्हाला मान्य नाही. कॉलेजला दिलेली माहिती गोपनीय ठेवा असे सांगण्याचा तिला हक्क आहे, आणि लग्नाआधी दोन्हीकडची रक्ततपासणी तर व्हायलाच हवी. विनयपिटकात अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूचा प्रसंग आहे. तथागतांनी आनंदासोबत त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि इतर भिक्खूंना विचारले की याची शुश्रूषा का नाही केली. उत्तर आले की तो आमच्या काही उपयोगाचा नाही. त्या उत्तराचा अर्थ घराघरात समजावा असे आम्हाला वाटते.

लेखनिक मिळत नाही ही शेवटची तक्रार. स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याची पात्रता उमेदवारापेक्षा कमी असावी लागते. पदवीच्या विद्यार्थ्याला त्यामुळे दहावी झालेला, अकरावी-बारावीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी चालते. विद्यापीठाचे स्वतःचे नियम परीक्षा विभागातून आधी पाहून घ्यावेत. विहाराच्या अभ्यासिकेत अशी मुले रोज संध्याकाळी बसलेली असतात. ज्यांचे अक्षर स्वच्छ आहे आणि ज्यांच्या स्वतःच्या परीक्षेच्या तारखा आड येत नाहीत, अशा पाच-सहा जणांची नावे, शिक्षण आणि ओळखपत्राच्या प्रती अभ्यासिकेच्या वहीत सत्राच्या सुरुवातीलाच लिहून ठेवता येतील.