पावलं सरळ कर गं

माझी लेक नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमला असते. आणि तिचा छंद काय, तर भुतं बनवायची! हसू नका मैत्रिणींनो. वॉरहॅमर हा टेबलावर मांडायचा लढाईचा खेळ १९८३ साली तिकडेच निघाला. तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्य कार्यालय आज नॉटिंगहॅमलाच आहे. त्यात सांगाड्यांच्या, पिशाच्चांच्याही फौजा असतात. प्लॅस्टिकचे सुटे हातपाय डब्यात मिळतात, जोडायचे, रंगवायचे. शिपाई जेमतेम सव्वा इंचाचा. पण हौशी मंडळींना डब्यातलं भूत पुरत नाही. याचं डोकं त्याला, त्याचा हात याला, असं करत ते आपलं वेगळंच भूत घडवतात. याला म्हणतात कन्व्हर्जन.

गेल्या वर्षी सुट्टीला आली तेव्हा लेक म्हणाली, "आई, मला हडळ करायचीय."

हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. पुढून भरलेली, मागून नुसता सांगाडा, पावलं उलटी. बाई बिचारी जिवानिशी जायची आणि वर तिचीच भीती घालायची, हे मला कधीच पटलं नाही. माझी सख्खी मावशी पहिल्या बाळंतपणात गेली. विहिरीवर दिसते, असं गावात म्हणत. आईने हा विषय कधी काढला नाही.

लेकीने एक सांगाडा घेतला. पाठीचे मणके तसेच उघडे ठेवले. पुढून 'ग्रीन स्टफ' थापलं. म्हणजे आपल्या एम-सीलचाच भाऊ हो! निळी नि पिवळी पट्टी एकत्र मळली की हिरवी होते. बोट ओलं ठेवायचं, नाहीतर चिकटतं. टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून नऊवारी नेसवली. कासोट्याला चिमटा लागला! मग घोटे ब्लेडने कापले, आत बारीक तार घातली आणि पावलं उलटी बसवली.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने भिंगातून पाहिलं. बराच वेळ गप्प होती. मग नातीला म्हणाली, "पावलं सरळ कर गं तिची. दमली असेल."

त्या रात्री आई मावशीबद्दल पहिल्यांदा बोलली. लंगडीत तिला कुणी हरवू शकत नसे म्हणे.

लेकीने घोटे पुन्हा कापले. आता तिकडे खेळात ती बॅन्शीच्या जागी उभी असते. बॅन्शी म्हणजे आयर्लंडच्या लोककथांतली आक्रोश करणारी बाई. घरचं भूत खेळवायचं तर खेळातल्या ठरलेल्या कुठल्यातरी भुताच्या नियमांनी खेळवावं लागतं ना. चाल इंचात मोजतात, आपल्या शिवणाच्या टेपसारख्याच टेपने. चकतीच्या तळाला मावशीचं नाव लिहिलंय, मराठीत.