तेलगावच्या चौकात आधी कोण?

बीडहून वडवणीमार्गे परळीला निघालं की वाटेत तेलगाव लागतं. इथे माजलगावहून धारूर-केजकडे जाणारा रस्ता आडवा येतो. शेजारीच सुंदरनगरला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना. गळीत हंगाम सुरू झाला की या चौकात एसटी, काळीपिवळी, दुचाक्या, ट्रक, उसाच्या डबल ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या एकाच वेळी येतात. आधी कोण जाणार हे चालक नजरेनं, हातानं, नाहीतर हॉर्ननं ठरवतात.

संगणकातल्या गाडीला यातलं काहीच येत नाही. मोबाइलवर बस चालवायचा खेळ खेळणाऱ्या पोरांना हे माहीत असतं: आपण एक गाडी चालवतो, बाकीच्या संगणक चालवतो, आणि त्या कधी उगाच चौकात थिजून उभ्या राहतात, कधी सरळ अंगावर येतात. दोष बहुतेक वेळा गाडीचा नसतो. नकाशा बनवणाऱ्याकडून चौकाचा नियम सांगायचा राहून गेलेला असतो. तो कसा सांगायचा, ते तेलगावचाच चौक घेऊन पाहू.

हत्यार म्हणून मी ‘सुमो’ घेतो. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेत 2001च्या सुमारास सुरू झालेला हा वाहतुकीचा मुक्त प्रोग्राम आहे. त्याच्यासोबत ‘नेटएडिट’ नावाचा नकाशा-संपादक मिळतो. सुमोची वाहतूक ‘कार्ला’सारख्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरला जोडता येते. मग स्टिअरिंगवर माणूस आणि भोवतीच्या गाड्या सुमोच्या, असं चालतं. रस्त्यांच्या रेषा ओपनस्ट्रीटमॅपवरून आयत्या घेता येतात.

रेषा घेतानाच पहिली ठेच लागते. सुमो मूळचा जर्मन, म्हणजे उजवीकडून चालणारा. आयात करतानाच ‘लेफ्ट-हँड’ची खूण केली नाही, तर बीड-परळी गाडी रस्त्याच्या उजव्या अंगानं धावायला लागते. पहिल्यांदा मी ही खूण विसरलो आणि अर्धा दिवस कनेक्शन दुरुस्त करत बसलो. खूण नंतर लावून भागत नाही. मार्गिकांची मोजणी आणि वळणांची गणितं तिच्यावरच बसलेली असतात.

दुसरी गोष्ट वेगाची. ओपनस्ट्रीटमॅपवर वेगाची नोंद नसली की सुमो स्वतःच्या तक्त्यातून आकडा भरतो, आणि मोठ्या रस्त्याला त्याचा आकडा असतो तासाला 100 किलोमीटर. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 2018च्या अधिसूचनेत दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर कारला कमाल 70, बस-ट्रकला 60 आणि तीनचाकीला 50 दिलेत. नेटएडिटमध्ये वेग मीटर-सेकंदात टाकावा लागतो: 50 म्हणजे 13.89, 60 म्हणजे 16.67. चौकाच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीनशे मीटरचा तुकडा तोडून त्याला आणखी कमी वेग द्यावा. धारूरच्या बाजूला तर द्यायलाच हवा, तिकडून गाड्या घाट उतरून आलेल्या असतात.

आता मुख्य काम. चौकाच्या बिंदूवर टिचकी मारली की त्याचा ‘प्रकार’ विचारला जातो. ‘प्रायोरिटी’ म्हणजे एक रस्ता मोठा, दुसऱ्यानं थांबायचं. ‘ट्रॅफिक लाइट’ म्हणजे सिग्नल. ‘ऑल-वे स्टॉप’ म्हणजे सगळ्यांनी थांबून निघायचं. ‘राइट बिफोर लेफ्ट’ म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. यादीत ‘अनरेग्युलेटेड’ही आहे, म्हणजे कुणी कुणासाठी थांबत नाही. पहिल्यांदा ते पाहून मला वाटलं, हाच आपला चौक. तो मोह टाळा. नजरानजर हासुद्धा एक नियमच असतो, आणि या प्रकारात तोही नाही.

आपला कायदा काय म्हणतो? रस्ता-नियमांत लिहिलंय की मुख्य रस्त्यावर येणाऱ्यानं त्या रस्त्यावरच्या गाड्यांना वाट द्यावी, आणि एरवी आपल्या उजवीकडून येणाऱ्याला. लायसन काढताना आपण हे पाठ करतो आणि घरी येईपर्यंत विसरतो. तेलगावला ते लावून पाहा. बीडकडून परळीला निघालेल्याच्या उजव्या हाताला धारूर, म्हणून त्यानं धारूरवाल्याला वाट द्यायची. धारूरवाल्यानं परळीकडून येणाऱ्याला, परळीवाल्यानं माजलगाववाल्याला, आणि माजलगाववाल्यानं बीडवाल्याला. चौघे एकदम आले तर चौघेही उजवीकडे बघत उभे. चार दिशांना चार सासुरवाड्या आणि आधी पाय कुणी धुवायचे, असा प्रकार.

म्हणून वाहतूक वाढली की मी ‘प्रायोरिटी’कडे वळतो. प्रत्येक रस्त्याला महत्त्वाचा एक आकडा असतो, जास्त आकड्याचा रस्ता मोठा. बीड-परळीला मोठा करायचं की माजलगाव-धारूरला, हा वाद तेलगावात चहाच्या टपरीवर सुटणार नाही, पण प्रोग्रामला उत्तर लागतंच. मी बीड-परळी मोठा केला आणि ‘कनेक्शन’ची खिडकी उघडली. इथे कुठल्या मार्गिकेतून कुठे जाता येतं, याच्या रेषा दिसतात. सुमोनं प्रत्येक बाजूला यू-टर्नची रेषाही आपणहून घातलेली असते. ती खोडली नाही तर 12 मीटरची एसटी भर चौकात गर्रकन वळते.

या रेषांपाशीच या साऱ्या कामाची गोम आहे. संगणकाच्या गाडीसाठी नियम ही रस्त्याकडेची पाटी नसते, तिच्यासाठी रस्ता हाच नियम. रेषा नसेल तिकडे ती जाऊच शकत नाही. उलट्या बाजूनं घुसणारा दुचाकीवाला हवा असेल, तर त्याला उलटी मार्गिका रीतसर काढून द्यावी लागते. बेशिस्तसुद्धा नियमात बसवून लिहावी लागते.

दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेकचंही तसंच. समोरून येणारी मार्गिका ‘ही तुझ्या शेजारची’ म्हणून जोडून दिली नाही, तर ट्रॉलीमागे लागलेली कार परळीपर्यंत मागेच राहते. जोडून दिली की ती समोरचं अंतर मोजते आणि मगच बाहेर पडते. आपल्या कित्येक चालकांहून शहाणी.

उरला गाड्यांचा स्वभाव. प्रत्येक प्रकारच्या वाहनाला लांबी, रुंदी, कमाल वेग, पुढच्या गाडीपासून राखायचं अंतर असे आकडे द्यायचे. डबल ट्रॉली मी अशी भरली: लांबी 16 मीटर, कमाल वेग 5.56, म्हणजे तासाला 20. रुंदी 2.5 लिहिली होती, पण रस्त्यावर ट्रॉली पाहिलेल्या माणसाला हे पटायचं नाही. बाजूला उसाचे वाढे लोंबत असतात. 3 केली. सुमोची मार्गिका मुळात 3.2 मीटरची, म्हणजे दोन्ही अंगांना मिळून वीतभर जागा उरली. बैलगाडीचा वर्ग यादीत नाहीच. ‘कस्टम’ म्हणून मोकळे ठेवलेले वर्ग आहेत, त्यातला एक घेतला आणि सेकंदाला सव्वा मीटर वेग दिला.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. रस्त्याचा वेग हा कायदा, आणि तो थोडाफार मोडला जातो: सुमो प्रत्येक चालकाला एक गुणक वाटतो, त्यामुळे कुणी मर्यादेच्या नव्वद टक्क्यांनी जातो, कुणी एकशे दहानं. वाहनाचा कमाल वेग मात्र इंजिनाची ताकद आहे, तो ओलांडता येत नाही. ट्रॉलीचे 20 दुसऱ्या खान्यात लिहायचे, पहिल्यात नाहीत. पहिल्यात लिहिले तर अख्खा रस्ता 20नं चालतो.

दुचाक्यांसाठी मार्गिकेच्या उभ्या पट्ट्या पाडाव्या लागतात. 0.8 मीटरची एक धरली तर एका मार्गिकेत चार बसतात आणि दुचाकी फटीतून पुढे सरकू लागते. आपल्या मिश्र वाहतुकीसाठी पट्ट्यांचा हा विचार पवईच्या आयआयटी मुंबईतही झाला. सुमोवरच बेतलेला ‘सिमट्रॅम’ तिथे तयार झाला.

शेवटचा आकडा अधीरपणाचा. धारूरकडच्या गाडीला मोठ्या रस्त्यावर फट मिळेना की वाट पाहता पाहता तिचा अधीरपणा वाढतो, आणि समोरच्याला ब्रेक लावायला लावून ती घुसते. हा आकडा मुळात शून्य असतो. मी काळीपिवळीला जास्त ठेवला, एसटीला थोडा.

सगळं भरून चालवलं आणि कारखान्याकडे वळणाऱ्या ट्रॉल्या दर दोन मिनिटांना एक सोडल्या, तर धारूरची रांग नकाशाच्या कडेपर्यंत गेली. मग एक ट्रॉली नाहीशी झाली. घाबरू नका. 300 सेकंद अडकून पडलेलं वाहन सुमो उचलतो आणि त्याच्या मार्गावर पुढे जागा दिसेल तिथे ठेवतो. खाली संदेशांच्या चौकटीत ‘टेलिपोर्ट’ असा शब्द उमटतो. तो वरचेवर दिसला तर गाड्यांचे आकडे हलवत बसू नका, चौकाचा प्रकार आणि कनेक्शन पुन्हा तपासा. माझ्या नकाशात कारखान्याच्या फाट्यावर उजवीकडे वळायची रेषाच नव्हती.