राजा नसलेल्या देशाने जपलेला शब्द

फिनलंडला स्वतःचा राजा कधी लाभलाच नाही. 1918 साली एका जर्मन राजपुत्राची निवड झाली होती, पण तो गादीवर बसलाच नाही. आणि तरीही, राजासाठी असलेला अतिप्राचीन जर्मानिक शब्द जवळजवळ जसाच्या तसा सापडतो तो याच देशाच्या भाषेत: 'कुनिंगास'.

यात थक्क करणारी गोष्ट अशी की फिनिश मुळात जर्मानिक नाहीच. तिचं गोत्र वेगळं. एस्टोनियन आणि हंगेरियन तिच्या नात्यातल्या. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या जर्मानिक बहिणींनी मात्र घरचा हा शब्द झिजवत नेला. इंग्रजीत 'किंग' उरला, जर्मनमध्ये 'क्यॉनिग', डचमध्ये 'कोनिंग', स्वीडिशमध्ये 'कुंग'. या सगळ्यांची तुलना करून अभ्यासकांनी मूळ रूप मांडलं, 'कुनिंगाझ'. फिनिश लोकांनी ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांकडून घेतलं आणि त्याची शेवटची 'आझ' ही शेपटीसुद्धा तुटू दिली नाही, 'आस'च्या रूपात जपली. असे आणखीही शब्द त्यांनी घेतले: 'रेंगास' म्हणजे कडं, 'लम्मास' म्हणजे मेंढरू. इंग्रजीतले 'रिंग' आणि 'लॅम' यांचीच ही जुनी रूपं. डॅनिश भाषापंडित विल्हेल्म थॉमसेन यांनी 1869 मध्ये अशा उसन्या शब्दांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. ही शेपटी खरोखरच होती याची साक्ष दगडांवर आणि धातूंवर कोरलेल्या जुन्या जर्मानिक रून लिपीतल्या लेखांतही मिळते. डेन्मार्कमध्ये 1734 साली सापडलेल्या सोन्याच्या शिंगावर 'होल्टियाझ' असा शब्द होता. ते शिंग 1802 मध्ये चोरीला जाऊन वितळवलं गेलं. त्याआधी काढलेल्या चित्रांमुळे लेख वाचला, हे आपलं भाग्यच.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढेच. ही शेपटी आपल्या ओळखीची आहे, कारण संस्कृत आणि जर्मानिक भाषा एकाच मूळ भाषेतून आल्या. शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकताना 'देवः'चा जो विसर्ग आपण उच्चारला, तो मूळच्या 'स्'चाच अवशेष. 'कुनिंगास'मधला 'स' आणि 'देवः'चा विसर्ग हे एकाच प्रत्ययाचे वंशज आहेत.

शब्दाच्या पोटातही आपलं माणूस बसलेलं आहे. 'कुनिंगाझ'मधला 'कुन' म्हणजे घराणं, गोत. इंग्रजीत त्याचंच 'किन' झालं. 'इंग' हा प्रत्यय म्हणजे 'त्यातला', 'त्या वंशाचा'. म्हणजे राजा हा थोर घराण्यातला. हा 'कुन' आपल्या 'जन', 'जन्म' यांच्या धातूचा भाऊ. लॅटिनमध्ये 'ग', तिथे जर्मानिक भाषांत 'क', हा नियम जर्मन भाषापंडित याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये इतर ध्वनिबदलांसह मांडला. संस्कृतात त्याच जागी 'ज' आला. लॅटिन 'गेनुस', इंग्रजी 'किन', संस्कृत 'जनस्' असे तिघे शेजारी ठेवले की वळण दिसतं. इथे कुणाला 'कुळ' आठवेल, पण त्या साम्याला भुलू नये. नातं नुसत्या कानाला जाणवून भागत नाही, ते ध्वनिनियमाने सिद्ध व्हावं लागतं.

'कुनिंगाझ' हा शब्द स्लाव्ह आणि बाल्टिक लोकांकडेही गेला आणि तिथे त्याने निराळेच संसार थाटले. रशियनमध्ये 'क्न्याझ' म्हणजे सरदार, राजपुत्र. लिथुएनियन 'कुनिगास' आणि पोलिश 'क्शोंत्स' आज चर्चच्या पाद्रीला म्हणतात. लाटवियन 'कुंग्स' आडनावामागे आदराने लावतात, थेट आपल्या 'राव'सारखा. आणि 'राव'ही मूळचा 'राजा'च! पोलिश माणसाने तर हा शब्द आकाशात नेला. चंद्राला तिथे 'क्शेंझित्स' म्हणतात, म्हणजे राजपुत्र, राजाचा धाकटा. आधी हे नाव कोवळ्या चंद्रकोरीचं होतं, मग सगळ्या चंद्राचं झालं. चंद्राचा जुना शब्द 'म्येशोंत्स' आता नुसता 'महिना' म्हणून उरलाय, आणि तो आपल्या 'मास'चा सगोत्र आहे.

'क्न्याझ' असा सरदारापुरता राहिला, मग खुद्द राजाला काय म्हणायचं? स्लाव्ह लोकांनी पुन्हा जर्मानिक शेजाऱ्यांकडेच पाहिलं. 800 साली सम्राट झालेल्या फ्रँक राजा कार्लचं, म्हणजे शार्लमेनचं, नावच त्यांनी पदवी म्हणून उचललं: रशियन 'कोरोल', पोलिश 'क्रुल', चेक 'क्राल'. हंगेरियन 'किराय'ही स्लाव्ह भाषांतूनच तिथे पोचला. 'कार्ल'चा अर्थ मात्र साधा 'पुरुष', 'मोकळा माणूस'. त्याचा सख्खा भाऊ जर्मनमध्ये 'केर्ल', म्हणजे गडी, आणि इंग्रजीत 'चर्ल', म्हणजे गावंढळ. एकाच घरातला एक पूर्वेला राजा झाला, दुसरा पश्चिमेला अडाणी ठरला.

आणि जर्मानिक लोकांनी सगळं दिलंच असं नाही, घेतलंही. जर्मन 'राइख', म्हणजे राज्य, हा आपल्या 'राज्य'चा नातलग, पण तो त्यांच्या स्वतःच्या घरातला नव्हे. मूळ शब्दातला दीर्घ 'ए' लॅटिनमध्ये 'रेक्स'मध्ये टिकला आणि केल्टिक भाषांत त्याचा 'ई' झाला. जर्मानिक शब्दात नेमका तो 'ई' आहे. तेवढ्या एका स्वरावरून अभ्यासक सांगतात की 'राजा' या कल्पनेचा एक शब्द त्यांनी शेजारच्या केल्ट लोकांकडून घेतला होता.