‘तोच हा’ : पानिपत, भाऊसाहेबांची ओळख आणि श्रद्धेची दृष्टी

भारतीय दर्शनांत ‘प्रत्यभिज्ञा’ या ज्ञानप्रकारावर पुष्कळ खल झालेला आहे. पूर्वी पाहिलेला देवदत्त पुन्हा समोर आला असता ‘तोच हा देवदत्त’ असे जे ज्ञान होते, त्यात ‘तो’ हा स्मृतीचा अंश आणि ‘हा’ इंद्रियांना गोचर होणारा अंश. नैयायिकांनी हे एकसंध प्रत्यक्षच मानले. बौद्ध तार्किकांच्या मते मात्र ही दोन भिन्न ज्ञानांची मनाने घातलेली गाठ होय. वाद वरवर पाहता शाब्दिक वाटतो. परंतु स्मृतीच्या जागी श्रद्धा आली, म्हणजे ‘तो’ परतणारच अशी खात्री पाहणाऱ्याच्या ठायी आधीच वसत असली, तर समोरचा ‘हा’ त्याला कितपत दिसतो? अठराव्या शतकातील मराठी समाजापुढे हा प्रश्न पाठशाळेबाहेर, राज्यकारभाराच्या ऐरणीवर उभा राहिला.

१४ जानेवारी १७६१ रोजी दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर पानिपत येथे जे युद्ध झाले, त्यात विश्वासराव गोळी लागून पडल्याचे अनेकांस ठाऊक होते. सदाशिवरावभाऊंचे तसे नव्हते. ते गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. रणात असलेल्या आणि कसाबसा जीव वाचवून परतलेल्या नाना फडणिसांनी पुढे आत्मवृत्त लिहिले, पण भाऊंचा मृत्यू त्यांनीही पाहिलेला नव्हता. पराभवाची पहिली वार्ता भेलसे येथे बाळाजी बाजीरावांना पोचली, तीही सावकारी सांकेतिक भाषेत. माणसांच्या जागी मोती आणि नाणी. जे वाचायचे ते उलगडून घ्यावयाचे होते, आणि उलगडताना आशेला जागा राहतेच. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत; १७८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंत नाहीच. ही एका स्त्रीची वेडी आशा म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे. पेशव्यांच्या घराने तिला मान्यता दिली, म्हणजे एका प्रकारे मृत्यूचा निर्णय तहकूब ठेवला.

या तहकुबीला साहित्याचाही आधार होता. कृष्णाजी शामराव यांच्या नावावर असलेली ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि रघुनाथ यादव यांची ‘पाणिपतची बखर’ या दोन्हींत भारती युद्धाची छाया दाट आहे. भूगोलही त्यास अनुकूल होता : १७६०च्या ऑक्टोबरात कुंजपुरा घेतल्यावर मराठी फौजेचा रोख कुरुक्षेत्राच्या तीर्थाकडे होता, आणि यमुनेला पूर आहे, शत्रू उतरू शकणार नाही अशा भरवशात असतानाच अब्दाली बागपत येथे नदी ओलांडून पाठीशी आला. (श्रद्धा केवळ तीर्थांवरच असते असे नाही, नदीच्या पाण्यावरही असते.) महाभारताच्या चौकटीत वीराच्या मरणाला काही अंगे लागतात : मारणारा, शस्त्र, आणि शवाजवळचा विलाप. भाऊंच्या बाबतीत ही तिन्ही स्थाने मराठी वृत्तान्तात रिकामी राहिली. त्याच महाभारतात नाहीशा झालेल्या वीराकरिता दुसरी एक जागा मात्र तयार असते, ती अज्ञातवासाची. मत्स्यदेशी वेष पालटून राहिलेला अर्जुन ज्यांच्या कल्पनेत मुरलेला आहे, त्यांना गोसाव्याच्या वेषातील भाऊ दिसणे अशक्य नव्हते. मरण न पाहिलेल्यांच्या दृष्टीला या कथेने आकार दिला, असे म्हणण्यास जागा आहे.

भाऊ म्हणवणारा मनुष्य उत्तरेत प्रकट झालाही. सुखनिधान नावाचा हा कनोजी ब्राह्मण चेहऱ्यामोहऱ्याने भाऊंसारखा होता. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो तोतया ठरला व कैदेत पडला. पुढे माधवराव १७७२ मध्ये निवर्तले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हे मूल बसले आणि रघुनाथरावांनी इंग्रजांचा आश्रय धरला. १७७६ मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी याच कैद्याला मुक्त करून भाऊसाहेब म्हणून मान्य केले, आणि कोकणातले किल्ले व माणसे त्याच्याभोवती जमू लागली. मनुष्य तोच, चेहरा तोच. दहा वर्षांपूर्वी जे दिसले नव्हते ते आता दिसू लागले. बदलले होते ते पाहणाऱ्यांचे निकडीचे कारण. कर्ता पुरुष नसलेल्या राज्याला कर्ता पुरुष दिसला. अखेरीस रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडले, पुण्यास भाऊंना ओळखणाऱ्यांपुढे पुन्हा चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने हा विषय रंगभूमीवर आणला, पण शीर्षकातच निकाल सांगितल्यामुळे १७७६च्या माणसाला छळणारा संशय प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही.

तुलनेच्या अभ्यासकाला येथे सर्वांत मोलाचा साक्षीदार म्हणजे काशीराज पंडित. दक्षिणी ब्राह्मण, शुजाउद्दौल्याच्या पदरी नोकर, लेखनाची भाषा फारसी. जेम्स ब्राउन यांच्या इंग्रजी भाषांतराने तो युरोपात वाचला गेला. युद्धानंतर सापडलेले एक शिरविरहित शव भाऊंचे म्हणून कसे ओळखले गेले, हे तो सांगतो : मुजफ्फरखानाच्या हल्ल्यात झालेल्या कट्यारीच्या जखमेचा व्रण, आणि रोजच्या सूर्यनमस्कारांनी पडलेले घट्टे. ही वरवर निःसंदिग्ध खूण आहे. तथापि नमस्काराचा घट्टा ‘दिसण्या’साठी नमस्काराचा आचार ठाऊक असावा लागतो, अफगाण शिपायाला तो दिसला असता, पण ती खूण वाटली नसती. शिवाय काशीराजाने हा वृत्तान्त १७८० साली लिहिला, म्हणजे तोतयाच्या प्रकरणानंतर चार वर्षांनी. ओळखीचा तपशील तो ज्या काळजीने मांडतो, तिच्यामागे त्या वादाचा कानोसा असू शकेल. मराठी बखर ज्या ठिकाणी रिती आहे नेमक्या त्याच ठिकाणी फारसी वृत्तान्त भरगच्च असावा, हे केवळ माहितीच्या कमीअधिकपणाने उलगडत नाही.

आर्तिगातच्या मार्तँ गेरचा तोतया पत्नीच्या व गावाच्या संमतीने काही वर्षे नांदला आणि १५६०च्या खटल्यात उघडा पडला. नॅटली झेमन डेव्हिस यांच्या १९८३च्या ग्रंथाने ते प्रकरण अभ्यासकांच्या परिचयाचे झाले. भावालच्या संन्याशाच्या दाव्यात उलट घडले : १९०९ मध्ये मृत मानलेला कुमार म्हणून पुढे आलेल्या संन्याशाच्या बाजूने प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये निर्णय दिला. दोन्हीकडे न्यायालयाला दिसलेले आणि गावाला दिसलेले यांत अंतर होते. पुण्याच्या चौकशीत मात्र न्याय करणारे स्वतःच पक्षकार होते, आणि त्यांपैकी प्रमुख नाना रणातून परतलेले होते.

पानिपतच्या परिसरात हे पाहणे थांबलेले नाही. रक्ताने काळ्या पडलेल्या आंब्याची कथा ‘काला आम’ या नावात जिवंत आहे. झाड उरलेले नाही, स्मारक आहे. रोहतक जिल्ह्यातील सांघी गावी जखमी भाऊ आले आणि पुढे साधू होऊन राहिले, अशी परंपरा सांगतात. म्हणजे हरियाणाच्या लोकमानसानेही अज्ञातवासाचीच वाट धरली, फक्त परतीचा प्रवास वगळला. या भागातील रोड समाजाची उत्पत्ती पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांपासून झाली, हे मत अलीकडे बळावल्यापासून महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रवाशांना तेथल्या बोलीत मराठी शब्द ऐकू येऊ लागले आहेत. त्यांतले कोणते शब्द मराठीतून तेथे गेले आणि कोणते उत्तरेकडील भाषांचे सामाईक धन आहेत, हे ठरविताना त्याच गावांशेजारच्या इतर समाजांची बोलीही त्याच कानाने ऐकावी लागेल.